सुट्टीत पुरे, आता कामाच्या वारी या

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार व सर्व सभासद,
आमच्या गावचे ग्रामविकास मंडळ, मुंबई

सप्रेम नमस्कार वि. वि.

वार्षिक सभेचं पत्रक मिळालं. विषय तीन दिसतात: गावाच्या वेशीवर कमान, मे महिन्यात ज्येष्ठ ग्रामस्थांचा सत्कार, आणि आयत्या वेळचे विषय. मला बोलायचंय ते दुसऱ्या विषयावर. पण आपल्या सभेत परळच्या हॉलची वेळ संपायच्या आत वडापाव वाटायचे असतात. तिथे हे मांडून होणार नाही, म्हणून सगळ्यांना मिळून हे उघड पत्र. कुणा एकावर रोख नाही. खजिनदारकाकांनी तर मुळीच मनाला लावून घेऊ नये. त्यांनी वर्गणीचा पैन् पै हिशेब ठेवलाय, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणणं एवढंच की, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा सत्कार राहू द्या. त्यापेक्षा त्यांच्याकडे एक दिवस जा, आणि तो दिवस कामाच्या वारी काढा. सोमवार ते शुक्रवार, बँक, पोस्ट, तहसील, दवाखाना सगळं उघडं असतं तेव्हा.

आपण चाकरमानी गावी जातो कधी? गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात. गणपतीत नेमकं सगळं बंद, शिमग्याला पालखी दारात, आणि मे महिन्यात आंबे, लग्नं आणि पूजा. मधे कधी शनिवार-रविवार साधून गेलं तरी उपयोग नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवारी तहसील बंद. बँका २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडून शनिवारी सकाळी कणकवलीला उतरलेला माणूस आईच्या हातची पेज खाऊ शकतो, तिचं एकही कागदाचं काम करू शकत नाही. ही काही कुणाची चूक नाही, पण वर्षानुवर्षं आपल्या जाण्याचे दिवस आणि त्यांच्या अडचणीचे दिवस एकमेकांना चुकवत आलेत, हे खरं.

उलट आपण जातो तेव्हा त्यांचं काम वाढतं. गणपतीत घरात पंधरा माणसं आली की चुलीपुढे कोण बसतं? जिचे गुडघे वर्षभर दुखतात तीच. मोदकांची उकड तिची, खापरोळ्या तिच्या, पाहुण्यांच्या गोधड्या उन्हात घालणं तिचं. आपण निघताना पिशवीत कोकमं, कुळथाचं पीठ, फणसाची साठं भरून देणंही तिचंच. आपण गाडीत बसून "गावी जाऊन फ्रेश वाटलं" म्हणतो. आमच्या काकीची शेजारीण मला म्हणाली, तुम्ही लोक गेलात की म्हातारी दोन दिवस उठत नाही.

आणि सत्कारातली ती शाल! वर्षातले दहा महिने घामाने अंग चिकट असतं त्या किनाऱ्यावर आपण माणसाला शाल पांघरतो. काकीकडच्या शालींपैकी एक टीव्हीवर आहे, एक शिलाई मशीनवर आणि एक गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवर. नारळाबद्दल तिचं मत वेगळं सांगायला नको: "नारळ कित्याक देतत? परसात पडले हत."

जनगणनेचे आकडे आपल्या सभेत कुणी वाचत नाही, म्हणून इथे देतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली आणि रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर. सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका होत्या, रत्नागिरीत १,१२२. हे पुरुष कुठे गेले ते आपल्याला विचारायला नको; दिवा, नालासोपारा, डोंबिवली, तिथेच आपण राहतो. मागे जी राहिली ती बहुतेक कुणाची तरी आई, काकी, आजी. आपल्या वाडीतली घरं मोजा. निम्म्याहून जास्त घरांत दिवा लावणारं एकच माणूस आहे आणि ते साठीच्या पुढचं आहे.

गेल्या नोव्हेंबरात मी रजा काढून कामाच्या वारी काकीकडे गेलो. सणवार नव्हता, आपल्याकडच्या जत्राही सुरू व्हायच्या होत्या. भातकापणी उरकून उडव्या रचलेल्या, सकाळी बऱ्यापैकी गारठा. मला खळ्यात बघून तिने पहिल्यांदा विचारलं, "मधल्याच वारी इलस? कोण गेलो काय रे?" माणूस बिनसणाचा घरी आला की तिला मयतच आठवतं. सभेत एवढं एक वाक्य वाचून दाखवलं तरी माझं पत्र पोचलं असं मी समजेन.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला गेलो. काकीचं वय अठ्ठ्याहत्तर. काका गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर परत कामावर घेतले गेले आणि गिरणी बंद पडेपर्यंत राहिले. त्यांच्या मागे तिला ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शन योजनेची, विधवा पेन्शन मिळते. या योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, आणि तिला मिळतात ते त्याच्या आसपासच. त्या हजारासाठी दरवर्षी ती जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात.

नळाला पाणी सकाळी सहाला येतं आणि अर्ध्या तासात जातं. वस्तीची एसटी सुटते पावणेसातला, तीही वर सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावरून. म्हणजे ज्या दिवशी तालुक्याला जायचं त्या दिवशी पाणी भरायचं की गाडी पकडायची, हा तिचा दरवेळचा पेच. "पाणी कोण भरतलो?" हाच तिच्या मते तालुक्याला न जाण्याचा सगळ्यात मोठा मुद्दा. त्या दिवशी पाणी मी भरलं. हंडे, पिंप, न्हाणीघरातली टाकी, मागीलदारची डोणी. दिवसभरात बरंच काही केलं, पण सगळ्यात कामाची मदत कुठली असं विचाराल तर हीच. ती झाली तेव्हा सूर्यही वर आला नव्हता.

मग घाटी. तुमच्यापैकी बरेच जण आता गाडीने वरच्या रस्त्याने फिरून थेट अंगणात उतरतात, म्हणून आठवण करून देतो: आपली वाडी खाली खाडीकाठाला, रस्ता सड्यावर, आणि मधे शंभरावर चिऱ्याच्या पायऱ्या. काही चिरे मधोमध झिजून वाटीसारखे झालेत, त्यांत रात्रीचं दव साचतं. काकीने पायऱ्या सुरू होण्याआधी रबरी चपला काढून हातात घेतल्या. दुसऱ्या हातात काठी. म्हणजे धरायला तिसरा हात हवा, आणि धरायला काहीच नाही. फणसाच्या मुळापाशी ती थांबली, मग मोठ्या धोंडीवर बसली, मग वरच्या वळणावर पुन्हा. या थांबण्याच्या जागा तिच्या ठरलेल्या आहेत. तिथे ती दमले म्हणत नाही, कुणाच्या कलमाला मोहर दिसतोय का ते बघते. मी बॅग घेतली होती. ती तिला द्यायची नव्हती, कारण त्या रेक्झिनच्या बॅगेत तिचं सगळं राज्य: आधार, पासबुक, पेन्शनचा कागद, रेशनकार्ड, गोळ्यांच्या पट्ट्या, एक जुना चष्मा आणि फडक्यात बांधलेली भाकरी.

२०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट. योजना चांगलीच आहे, काकी ती मनापासून वापरते, कंडक्टरने दिलेलं शून्य रुपयाचं तिकीट नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवते. पण फुकट गाडीपर्यंत पोचायची ही घाटी आहे. आणि आपली नियोजित कमान कुठे आहे? मुख्य रस्त्याला, जिथून स्वतःची गाडी असलेले येतात. काकी आणि तिच्यासारख्या बाकीच्या त्या कमानीखालून वर्षातून एकदाही जाणार नाहीत. कमानीला माझा विरोध नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणतो, आहे. आधी घाटीला लोखंडी पाइपचा कठडा लावा, झिजलेले चिरे बदला, मग उरलेल्या पैशात कमानीचं बघू. ग्रामसभेतही हे मांडता येईल, पण आपण वर्गणी काढून देवळाचा सभामंडप बांधू शकतो तर कठड्यासाठी ग्रामपंचायतीकडे बघत बसण्याची गरज नाही.

बँकेत गर्दी होती. काकीला पासबुक भरून हवं होतं आणि थोडे पैसे काढायचे होते. काउंटरवरचा मुलगा वाईट नव्हता, पण तो सगळं मला सांगत होता: "आजींना सांगा, इथे सही नाही चालणार, अंगठा लागेल." काकी शेजारीच उभी. दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा काठी काउंटरला टेकवून म्हणाली, "माका सांग, बाबा. पैसे माझे हत." तो ओशाळला, पुढचं सगळं तिच्याशीच बोलला, थोडं मोठ्याने आणि थोडं सावकाश. तेवढंच हवं होतं. मदतीला गेलेल्या माणसाने तोंड मिटून उभं राहणं ही सुद्धा मदत असते, आणि आपल्या मुंबईकरांना ती सगळ्यात जड जाते. आपण गेलो की लगेच साहेबाच्या केबिनमध्ये शिरतो.

रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ ला सगळ्या बँकांना कळवलंय की सत्तरीच्या पुढच्या आणि अपंग खातेदारांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट, हयातीचा दाखला अशा सेवा घरपोच देण्याची सोय करावी, आणि शाखेत त्यांच्यासाठी वेगळी खिडकी ठेवावी किंवा त्यांना प्राधान्य द्यावं. हे कुणी तरी जाऊन मागावं लागतं. खाडीकाठची एकटी बाई ते मागत नाही. तिला ते माहीतच नसतं, आणि माहीत झालं तरी "उगीच कोणाक त्रास कित्याक" हे तिचं उत्तर ठरलेलं.

आता अंगठा. काकीचा अंगठा मशीन घेत नाही. आयुष्यभर तिने काजू फोडले, त्या सालीतलं तेल बोटांची कातडी सोलून काढतं हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. शिवाय विळी, कोयता, चुलीतले निखारे, भाताची लावणी. तिच्या बोटांच्या टोकांना हात लावून बघा, चिऱ्याच्या कडेइतकी टणक आहेत, रेषा कुठे शोधायच्या? सेवा केंद्रातल्या मुलीने अंगठा पुसला, मग दुसरी बोटं, मग डावा हात. काकी शांतपणे म्हणाली, "मशीन घेणा नाय माझो अंगठो," जणू ते मशीनचं आजारपण आहे.

पण याला वाट आहे, आणि ती आपल्या खिशात आहे. हयातीचा दाखला २०१४ पासून ऑनलाइन देता येतो, आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून अंगठ्याऐवजी चेहरा दाखवूनही होतो. साधा अँड्रॉइड फोन पुरतो. जीवन प्रमाणचं अ‍ॅप आणि आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप, दोन्ही फोनवर घ्यायची, आधी मदत करणाऱ्याने स्वतःची ओळख पटवायची, मग पेन्शनरची माहिती भरून त्याचा चेहरा टिपायचा. आम्ही स्टँडसमोरच्या वडाखाली बसलो, तिथे रेंज बरी होती. फोन सांगतो, डोळ्यांची उघडझाप करा. काकी काही पापणी लववेना. तिच्या पिढीत फोटो काढताना डोळे मिटले की फोटो फुकट जायचा, लग्नातला एकुलता एक फोटो तसाच गेला होता म्हणे. दोन-तीनदा फोन रुसला, शेवटी मी तिला म्हटलं, काकी, डोळ्यात धूर गेलाय असं कर. लगेच झालं. "झाला? इतक्याच होता तर!" एवढंच बोलली आणि भाकरी सोडली. हेच काम पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊनही करून देतो. आपल्या गावात किती पेन्शनर आहेत, किती जणांना हे ठाऊक आहे, याची यादी मंडळाकडे आहे का? शाली किती लागतील याची मात्र आहे.

एक काम त्या दिवशी झालंच नाही. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून मिळतं. आपल्याकडे मोठं दुखणं आलं की माणसं बांबोळीला, गोव्याला धावतात, तेव्हा असं कार्ड हाताशी असलेलं बरं. अंगठा नाही म्हणून ओटीपी मागवला. ओटीपी गेला काकीच्या मुलाला, कारण आधारला त्याचा नंबर जोडलेला. मुलगा वसईला कारखान्यात, आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आम्ही वाट बघितली, पुन्हा मागवला, जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन बघेपर्यंत आधीचा ओटीपी बाद झालेला आणि केंद्रात वीज गेलेली. सभासदहो, घरी गेल्यावर फक्त हे एक बघा: आईच्या आधारला कुणाचा नंबर आहे? आपण सगळ्यांनी चांगल्या मनाने आपापले नंबर दिलेत आणि तिला तिच्याच दारात कुलूप घातलंय.

औषधाच्या दुकानात आणखी एक गंमत कळली. गंमत कसली, भीती वाटली. दोन महिने ती रक्तदाबाची गोळी घेतच नव्हती. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली होती, औषध तेच, पण आधीची पांढरी आणि ही गुलाबी. "गुलाबी माझी न्हय" म्हणून तिने ती डब्यात तशीच ठेवली होती. आरोग्य केंद्रातली आशाताई विचारायला आली तेव्हा घेतेय म्हणून सांगितलं, कारण तिच्या मते ती तिच्या गोळ्या घेतच होती, त्या संपल्या होत्या इतकंच. मी मार्कर घेऊन सकाळच्या पट्टीवर सूर्य आणि रात्रीच्या पट्टीवर चंद्र काढून दिला. गणपतीत हे कळलं असतं? गणपतीत तिच्या डब्याकडे बघायला कुणाला सवड होती?

बाजार थोडाच होता. सुके बांगडे, टॉर्चचे सेल, एक बल्ब, नळाचा वायसर. दुपारची गाडी मिळाली. उतरताना घाटी चढण्याहून कठीण असते, हे गुडघे असलेल्या प्रत्येकाला सांगायला नको.

घरी आल्यावरची कामं ऐकलीत तर हसाल. मागीलदारचा बल्ब दिवाळीपासून गेलेला. ती स्टुलावर चढत नाही, आणि शेजारणीच्या पोराला सारखं सारखं काय सांगायचं. नळाचा वायसर बदलला. फोनमध्ये एक नंबर दाबला की मुलाला, दोन दाबला की शेजारणीला, असं लावून दिलं. मग तिने सुयांची डबी आणली. डोळ्यांना दोरा दिसत नाही, म्हणून कुणी घरी आलं की ती सुया ओवून घेते. पांढरा दोरा, काळा, तांबडा, लांब लांब ओवलेल्या सगळ्या सुया तिने एका जुन्या उशीच्या अभ्र्यात ओळीने खोचून ठेवल्या. त्या संपेपर्यंत गोधडीचं काम चालतं, संपल्या की पुढचं माणूस येईपर्यंत गोधडी थांबते. पुढचं माणूस म्हणजे शिमग्याला येणारे आपण.

सगळंच मला करू दिलं असं नाही. झाडू उचलला तर हातातून काढून घेतला. चुलीकडे वळलो तर, "तू पावणो न्हय, पण चुलीकडे येव नको." बांगडे तिनेच भाजले, तुळशीला पाणी तिनेच घातलं. म्हाताऱ्या माणसाला मदत म्हणजे त्याच्या हातातलं काम काढून घेणं, असा आपल्यातल्या बऱ्याच सुनामुलांचा समज आहे. मुंबईला आणून तिसऱ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसवतात आणि वर म्हणतात, आता आराम कर. काकी एकदा आठ दिवस राहून परत गेली. तिला लागतात ती माणसं पाणी भरायला, घाटीत बॅग घ्यायला, बोर्ड वाचायला, बल्ब लावायला. बाकीचा संसार ती आपल्यापेक्षा बरा चालवते.

यावर सभेत काय बोललं जाईल ते मला पाठ आहे.

ज्याची त्याची मुलं बघतील, असं कुणीतरी म्हणेल. मुलांनी बघावं, कायदाही तेच म्हणतो. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा आहे. पण तो पोटगी देववतो, पायऱ्यांवर हात देत नाही. शिवाय काकीचा मुलगा कंत्राटावर आहे. एक दिवस खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला, वर गाडीभाडं. त्याच्या आईकडे मी गेलो तर माझी एक भरपगारी रजा जाते, बस. रजा ज्यांना आहेत त्यांनी जावं, ज्यांना नाहीत त्यांनी जाणाऱ्याचं तिकीट काढावं. आणि गणपतीच्या तिकिटांसाठी आरक्षण उघडतं त्या दिवशी सकाळी आठला मोबाइल घेऊन बसणारे आपणच ना? मधल्या वारी तुतारी एक्सप्रेसला जाऊन बघा, जागा कशा आरामात मिळतात.

दुसरं कुणी म्हणेल, गावातली तरुण मुलं काय करतात. ती आहेत तेवढी करतातच. एक रिक्षावाला, एक पोस्टमन, एक आशाताई आणि दोन-तीन शेजारणी यांच्या जिवावर आपली अख्खी वाडी म्हातारी होतेय. उलट त्यांना मंडळाने विचारावं की तुम्हाला काय हवं.

माझी सूचना नवी नाही. देवळात दिवाबत्तीची पाळी घरोघर ठरलेली आहे. मुंबईत असला तरी आपली पाळी कुणी चुकू देत नाही. स्वतःला जमलं नाही तर बदली माणूस देतो, आणि चुकली तर चार माणसांत मान खाली जाते. तशीच पाळी माणसांची लावा. एकटी राहणारी ज्येष्ठ घरं आधी नक्की करा, त्यांना विचारून. ज्यांना नको असेल त्यांच्या दारात जायचं नाही. प्रत्येक सभासद कुटुंबाने वर्षातून एक कामाचा दिवस एका घराला द्यायचा, आणि ते घर शक्यतो आपलं नसावं. परक्याला "माझा अंगठा चालत नाही" सांगणं सोपं जातं, पोटच्या पोराला सांगताना त्याला वाईट वाटेल म्हणून आई गप्प बसते. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांकडे, मार्च संपायच्या आत बँकेची कामं असलेल्यांकडे, आणि पावसाआधी, आगोटीच्या वेळी, ज्यांची लाकडं-गोवऱ्या पडवीत रचायच्या आहेत त्यांच्याकडे. एवढं तर आपल्या सेक्रेटरींना एका कागदावर मांडता येईल. त्यांनी क्रिकेट स्पर्धेची बत्तीस संघांची लॉट्स पाडली आहेत.

तीन गोष्टी मात्र पाळाव्यात. कुणाचंही आधार, पासबुक, पेन्शनचा कागद आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही, "काम झाले" म्हणून सुद्धा नाही. एटीएमचा पिन विचारायचा नाही, पैसे काढायला माणूस स्वतः बरोबर आला तरच काढायचे. आणि म्हातारीला घाटीत हात देतानाचा फोटो काढायचा नाही. तो फोटो काढायला एक हात मोकळा लागतो.

वार्षिक सभेत हा विषय आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नये, सत्काराच्या जागी दोन नंबरला घ्यावा, अशी लेखी विनंती करतो. अनुमोदनासाठी वरच्या वाडीतल्या दोघांशी बोलणं झालंय, त्यांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. पाळी लागली तर पहिल्या यादीत माझं नाव फेब्रुवारीत घाला. काकीकडे नको, तिचं कार्ड मुलगा रजा काढून करून देणार आहे. खालच्या वाडीत माडाच्या बागेपलीकडे एकटे मास्तर राहतात, त्यांच्या पेन्शनचं काहीतरी अडलंय असं काकी म्हणत होती. नक्की काय ते मास्तर सांगत नाहीत. त्यांच्याकडे जाईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मंडळाचा एक वर्गणीदार सभासद